द हंड्रेड: मालिका सगळी बघून झाली, आता पुस्तक उघडलं तर हे कोण लोक आहेत?

म्हापशेकरीण
नमस्कार मंडळी. इथे सायन्स फिक्शनवाले बरेच आहात म्हणून विचारते. गेल्या पावसाळ्यात मी आणि माझी भाची (नववीत आहे) मिळून द हंड्रेड (अणुयुद्धानंतर अंतराळात राहिलेले लोक शंभर पोरं पृथ्वीवर उतरवतात, ती मालिका) पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, सातही सीझन, लाईट गेली की मोबाईलवर, एकच इअरफोन दोघींत. तिला तर इतकं वेड लागलं की वहीच्या मागच्या पानावर ग्राउंडर (पृथ्वीवरच टिकून राहिलेल्या) लोकांची चिन्हं काढायला लागली आणि वहिनीची बोलणी मी खाल्ली. आता तिच्या वाढदिवसाला म्हणून मी कॅस मॉर्गनचं मूळ पुस्तक मागवलं, आणि द्यायच्या आधी म्हटलं जरा आपण वाचून बघू.

तर बाबांनो हे आहे तरी काय? रेव्हन नाही, मर्फी नाही, मॉंटी-जास्पर नाहीत, फिन नाही, केन नाही. नायिका क्लार्कची आई ॲबी, जिच्याशिवाय मालिकेचं पान हलत नाही, तिला आणि बापाला इथे गोष्ट सुरू व्हायच्या आधीच शिक्षा होऊन गेलेली. ग्राउंडरांची सेनापती लेक्सा, तिचा पत्ता नाही. उलट ग्लास नावाची एक मुलगी आहे जी यानात बसते, लगेच पळून परत जाते आणि मग अर्धं पुस्तक ती वर अंतराळातच. आणि वेल्स, वरच्या चॅन्सलरचा (म्हणजे प्रमुखाचा) मुलगा! मालिकेत तो तिसऱ्या एपिसोडला मेला म्हणून मी इथे प्रत्येक पानावर तो आता मरेल मग मरेल करत बसलेय आणि हा पठ्ठ्या ठणठणीत. मालिकेत अणुयुद्धाला ९७ वर्षं झालेली, इथे ३०० म्हणतात.

प्रश्न असा की याला पुस्तकावरची मालिका तरी कसं म्हणायचं? पुढचे भाग वाचण्यासारखे आहेत का? आणि मुख्य म्हणजे भाचीला देऊ का, की ती लेक्सा नाही म्हणून पुस्तक माझ्याच डोक्यात घालेल?

(मालिका पूर्ण बघितलीय, त्यामुळे तिच्याबद्दल बिनधास्त लिहा. पुस्तक पहिलंच संपत आलंय.)

फोंडेकर
पहिलं वाचून मी सोडून दिलं. स्पष्ट सांगतो, मालिका कितीतरी पटीने भारी. पुस्तकात जंगलात उतरलेत, खायला नाही, औषधाची पेटी हरवलीय, आणि आमची मंडळी कोण कोणाकडे बघून लाजलं यात गुंतलेली. दर दुसऱ्या पानाला फ्लॅशबॅक. जरा कुठे काय घडायला लागलं की चला मागे, यानातल्या आठवणी. मालिकेचे पण पहिले तीन-चार एपिसोड तसलेच होते म्हणा, सगळे शॅम्पूच्या जाहिरातीतून उतरल्यासारखे, पण वेल्स मेला आणि मग त्याला मारणाऱ्या त्या शार्लटचं जे झालं तिथून गाडी रुळाला लागली.

भाचीला दे, पण सोबत चॉकलेट पण दे.

सांखळीचे मास्तर
९७ आणि ३०० यावर थोडं लिहितो कारण तो विषय माझ्या पोटापाण्याचा आहे (अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो).

अणुस्फोटानंतर जमिनीत बराच काळ त्रास देणारे दोन मुख्य म्हणजे सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०, दोघांचं अर्धायुष्य साधारण ३० वर्षांच्या आसपास. म्हणजे दर तीस वर्षांनी निम्मं. ९७ वर्षांत ते जवळपास एक दशांशावर येतं, ३०० वर्षांत हजाराव्या भागावर. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षांच्या वर, त्याला ९७ काय नि ३०० काय, पण त्याचा धोका मुख्यतः ते श्वासातून किंवा पोटात गेलं तर. तेव्हा पुस्तकातली पोरं खाली उतरून झऱ्याचं पाणी पितात ते हिशोबात बसतं. मालिकेत दहावा भाग उरलाय, तो पण जिथे जास्त पडलं तिथे जास्त, म्हणून तिथे दोन डोक्यांचं हरीण दाखवायला वाव मिळतो. तसं हरीण निघेल की नाही ते सोडा, टीव्ही आहे.

पण गंमत अशी की मालिकेने वर्षं कमी करून रेडिएशन हे गोष्टीचं इंजिनच करून टाकलं. जमिनीवर टिकून राहिलेल्या ग्राउंडरांना ते सोसतं, वर अंतराळात पिढ्या गेल्या म्हणून आर्कवाल्यांना (वरच्या यानातल्यांना) सोसतं, आणि माउंट वेदरच्या बंकरमध्ये दडून सुखात राहिलेल्यांना सोसत नाही. दुसऱ्या सीझनचा सगळा संघर्ष या एका फरकावर उभा आहे. चौथ्या सीझनला पुन्हा तेच, बंद पडलेल्या अणुभट्ट्या वितळतात. माउंट वेदर खरी जागा आहे बरं का, व्हर्जिनियात, अमेरिकन सरकारचं आणीबाणीचं केंद्र. पुस्तकाच्या पुढच्या भागातही ते येतं पण तिथले लोक वेगळे आहेत, एवढंच सांगतो, बायला पुढे वाचायचं असेल तर मजा जायला नको.

एक गोष्ट मात्र ९७ वर्षांत पटत नाही. तीन-चार पिढ्यांत लोक आपली मुळं विसरून कुळं, सेनापती, रक्ताचा बदला, स्वतंत्र भाषा इथपर्यंत जातात? माझी आजी पोर्तुगीज अमदानीतल्या गोष्टी कालच्यासारख्या सांगायची. भाषा छान बनवलीय तो भाग वेगळा, ज्याने गेम ऑफ थ्रोन्सची डोथ्राकी केली त्याच डेव्हिड पीटरसनने केलीय.

मांडवीपलीकडे
मला या विषयावर बोलायला कोणी मिळत नाही त्यामुळे लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी "पुस्तकावरची मालिका" या प्रश्नाचं. तारखा बघा. पुस्तक आलं सप्टेंबर २०१३ ला. मालिका सुरू झाली १९ मार्च २०१४ ला. मध्ये सहा महिने. एवढ्यात काय मालिका उभी राहते? दोन्हीच्या मागे अलॉय एंटरटेनमेंट ही एकच कंपनी, पुस्तक बाजारात यायच्या आधीच मालिकेचं काम चालू होतं. दुसरं पुस्तक, डे ट्वेंटी-वन, आलं तेव्हा पहिला सीझन संपून गेला होता. तेव्हा जेसन रोथेनबर्ग (मालिका त्याची) पुस्तकाचा शेवट बघून पटकथा लिहितोय असं कधी झालंच नाही. शंभर पोरं, वरचं यान, खाली पृथ्वी, आणि काही नावं एवढं सामान दोघांनी वाटून घेतलं आणि आपापल्या वाटेने गेले. म्हणून रेव्हन कुठे गेली असं विचारण्यात अर्थ नाही, ती पुस्तकात कधी नव्हतीच.

पण खरी मजा पुढे आहे. पुस्तकातल्या काही गोष्टी मालिकेने टाकल्या म्हणतात, तशा त्या टाकलेल्या नाहीत, दुसऱ्याच्या नावावर चढवल्यात. आणि त्या सगळ्या पापाच्या गोष्टी आहेत.

वेल्स घ्या. पुस्तकात क्लार्कने त्याला विश्वासाने सांगितलं की माझे आईबाबा रेडिएशनचे प्रयोग करतात, तेही लहान मुलांवर, त्यांना व्हाइस चॅन्सलरने धमकावून करायला लावलंय, कोणाला सांगू नको. हा जाऊन बापाला सांगतो, चांगल्या हेतूने, की बाप चॅन्सलर आहे तो थांबवेल. परिणाम काय, क्लार्कचे आईबाप गेले आणि क्लार्क कोठडीत. म्हणजे वेल्स खरोखर दोषी. मालिकेत? क्लार्कला वाटतं वेल्सने सांगितलं, पण सांगितलेलं असतं ॲबीने, आणि हा बिचारा गप्प राहून आळ स्वतःवर घेतो, का तर हिचा आईवरचा जीव उडू नये. एकदम संत. आणि संताचं टीव्हीवर काय करायचं, मारून टाकायचं.

आता पुस्तकातल्या वेल्सने आणखी काय केलंय ते म्हापशेकरणीने वाचलं असेलच एव्हाना. क्लार्क अठराची होणार, म्हणजे पुन्हा सुनावणी आणि जवळजवळ नक्की मरण. पोरांना पृथ्वीवर पाठवायचा बेत लवकर अमलात यावा म्हणून हा एअरलॉकच सैल करून ठेवतो. हवा गळायला लागते. एका मुलीसाठी अख्ख्या वसाहतीचा श्वास! मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो थोडा वेळ. आणि हा मुलगा व्हिलन नाहीये हं, खाली उतरल्यावर तोच सगळ्यांसाठी मरमर मरतो, लाकडं फोडतो, रेशन लावतो, आणि आपल्याला कळत राहतं की हा काय लपवतोय. मालिकेत हवा कमी होते कारण यंत्रणा म्हातारी झालीय. कोणाचा दोष नाही. क्लार्कचा बाप इंजिनियर, त्याला ते कळतं, तो लोकांना सांगायला निघतो म्हणून त्याला मारतात. म्हणजे पुस्तकातला प्रयोग करणारा बाप मालिकेत सत्यवादी झाला.

मग मुलांवरचे प्रयोग कुठे गेले? माउंट वेदरला गेले! तिथे डॉक्टरीण बसलीय, आधी ग्राउंडरांचं रक्त, मग आपल्या पोरांच्या हाडांतला मगज. कारण तेच, आमची माणसं जगायला हवीत. मूळ पुस्तकात हे पाप क्लार्कच्या घरातलं होतं, जेवणाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसांचं. तिची मैत्रीण लिली त्यातच सडत होती आणि शेवटी क्लार्कला तिच्या विनवणीवरून तिला सोडवावं लागलं, ते वाचवत नाही. मालिकेने ते उचलून शत्रूच्या घरी नेऊन ठेवलं.

इथपर्यंत वाटेल की मी मालिकेला शिव्या घालतोय. पण दुसऱ्या सीझनच्या शेवटी क्लार्क बंकरमध्ये रेडिएशन सोडणारा लिव्हर ओढते. ती आणि पोरांचा दुसरा म्होरक्या बेलामी, मॉंटीने सगळी जुळणी केलेली, आणि बंकरमधली सगळी माणसं, पोरंबाळं धरून, ज्यांनी आपल्याला लपवलं ती सुद्धा, जेवता जेवता मरतात. म्हणजे आधी सगळ्यांना धुवून स्वच्छ केलं आणि मग सगळी घाण एकटीच्या पदरात टाकली. आणि पुढचे पाच सीझन ती तेच तेच करत राहते, माझी माणसं माझी माणसं म्हणत, शेवटी सातव्यात बेलामीवरच गोळी. पुस्तकातले गुन्हे प्रेमापोटी आणि गुपचूप केलेले, मालिकेतले सगळ्यांच्या देखत आणि कर्तव्य म्हणून. मला स्वतःला पुस्तकातला वेल्स जास्त भिववतो. तसं उद्या मी पण करीन की काय असं वाटतं म्हणून.

म्हापशेकरीण
अहो मांडवीपलीकडे, एअरलॉकपर्यंत मी पोचले नव्हते!! बरं असू दे, मीच बिनधास्त लिहा म्हटलं ना, आणि आता तर ते पान शोधून आधी वाचलं.

पण तुमचं सगळंच नाही पटत. मालिकेतला वेल्स संत आहे म्हणून फुकट गेला असं तुम्ही म्हणता. माझी भाची तो सीन बघून रडली, क्लार्कला खरं कळतं आणि ती त्याला मिठी मारते आणि त्याच रात्री एक पोर त्याला सुरी मारतं, का तर तिच्या आईबापांना मारणाऱ्या चॅन्सलरचा चेहरा तिला त्याच्यात दिसतो. त्याचा दोष काही नाही, दोष बापाचा, आणि मारणारी पण केवढीशी. तिथे आम्हा दोघींना पहिल्यांदा कळलं की ही मालिका कोणाला सोडणार नाही. एअरलॉक सैल करणारा वेल्स मोठा झाला असता टीव्हीवर हे खरं, पण मग त्याला पहिल्या चार एपिसोडांत मारता आलं नसतं, आणि मग ती भीती कुठून आली असती?

फोंडेकर
हेच म्हणतो मी. आणि आणखी एक, मालिकेला वरची मोठी माणसं मिळाली. ॲबी, केन, चॅन्सलर जाहा. पुस्तकात वर फक्त ग्लास आणि तिचा तो ल्यूक. तुम्हाला आठवतं ना हवा पुरावी म्हणून ३२० माणसं आपणहून मरायला तयार होतात, बाप पोरीसाठी, बायको नवऱ्यासाठी, सेक्शन सतरामध्ये जाऊन आडवे होतात, आणि इकडे खाली पोरांनी आम्ही जिवंत आहोत सांगायला अग्निबाण सोडलेले ते वर थोडं उशिरा दिसतात. तसला एक प्रसंग दाखवा पुस्तकात. मी पैज लावतो, एका कॅफे-भोंसलेच्या पुरीभाजीची.

सांगेकर
पैज घेतली. ग्लास.

सगळे तिला नावं ठेवतात, मी पण सुरुवातीला पानं उलटून पुढे जायचो, आता मला ती पुस्तकातली सर्वात चांगली गोष्ट वाटते. बघा, पुस्तकातली वसाहत म्हणजे तीन यानं एकत्र जोडलेली. फिनिक्सवर सायबलोक, वॉल्डन आणि आर्केडियावर कष्टकरी. ग्लास फिनिक्सची, ल्यूक वॉल्डनचा. तिला दिवस गेले, परवानगी नसताना, तो तिथे गुन्हा, आणि बापाचं नाव विचारलं तेव्हा ल्यूकला वाचवायला तिने दुसऱ्याच एका वॉल्डनच्या पोराचं नाव सांगितलं. तो मेला. ल्यूकचा मित्र तो. आता ती पळून परत आलीय ती या माणसाच्या मिठीत, आणि हे गुपित घेऊन. तुमच्या ३२० जणांनी स्वतः ठरवलं तरी, या पोराला कोणी विचारलं पण नाही, वरच्या मजल्यावरच्या मुलीने नाव घेतलं आणि खालच्या मजल्यावरचा गेला. आणि पुढे हवा संपायला लागते तेव्हा फिनिक्सवाले मधला पूलच बंद करून घेतात. मालिकेत पण स्टेशनांत वरखाली आहे पण बोलण्यापुरतं, दुसऱ्या सीझननंतर कोणाला आठवत पण नाही कोण कुठल्या स्टेशनचा.

मी हे असं का वाचतो ते पण सांगतो. आमचं घर कुर्डीचं. साळावली धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं, आमच्या लोकांना वाळकिणीला जागा दिली. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, घरांची जोती, सोमेश्वराचं देऊळ, आणि सगळे जातो एक दिवस. माझा जन्म नंतरचा, मी त्या घरात कधी राहिलोच नाही, तरी बाबा सांगतात इथे चूल होती, इथे न्हाणी, तर मी मान डोलावतो जसं काही मला आठवतंय. पुस्तकातली पोरं पृथ्वीवर उतरतात ना तेव्हा अगदी तसंच, ३०० वर्षं कोणी बघितली नाही अशी जमीन, सगळी ऐकीव माहिती, आणि तरी "परत आलो" म्हणतात. मालिकेत उतरल्यावर दहा मिनिटांत भाला छातीत बसतो, आठवायला वेळच कुठे. पुस्तकात बघायला वेळ आहे. क्लार्क सूर्यास्त बघत उभी राहते त्यावर पान खर्ची घातलंय आणि फोंडेकरांना ते कंटाळवाणं वाटतं, मला नाही वाटत.

पुरीभाजी कधी?

फोंडेकर
पूल बंद करतात तो भाग विसरलो होतो. अर्धी पुरीभाजी.

सांखळीचे मास्तर
सांगेकर, मे महिन्यात मी पण मुलांना घेऊन गेलो होतो तिथे एकदा, पाण्याची पातळी आणि बाष्पीभवन शिकवायला. मोगूबाई कुर्डीकरांचं घर कुठे होतं ते दाखवणारे एक आजोबा भेटले आणि बाष्पीभवन राहिलं बाजूला.

लेक्साबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. ती पुस्तकात नाही हे ठीक, पण भाचीला सांगताना एक लक्षात ठेवा, तिसऱ्या सीझनमध्ये ती जशी मारली, मार्च २०१६ मध्ये, त्यावरून तिकडे प्रेक्षकांनी मोठा गदारोळ केला होता. दोन मुलींचं प्रेम दाखवायचं आणि लगेच त्यातली एक मारायची, हे टीव्हीवर पुन्हा पुन्हा होतं म्हणून. रोथेनबर्गने जाहीर माफी मागितली. नववीतली मुलगी आहे, तिने ते नेटवर वाचलेलंच असणार.

म्हापशेकरीण
वाचलंय, मलाच तिने सांगितलं, वर तोंड करून "आत्ये तुला माहीत नाही?"

बरं, मग द्यायचं पुस्तक की नाही? ग्लासच्या त्या गरोदरपणाचा भाग आहे, लिलीचं आहे. मालिकेत रक्ताचे पाट बघितलेत आम्ही एकत्र, पण पुस्तक ती एकटी वाचणार, रात्री.

मांडवीपलीकडे
द्या. एकटीनेच वाचायचं पुस्तक आहे ते. तिला फक्त आधी सांगून ठेवा की मालिकेची माणसं यात शोधू नको, आणि क्लार्क-बेलामी पुस्तकात जमतात हे मात्र सांगू नका, मालिकेत शंभर एपिसोड वाट बघून हाती काय आलं ते तिने बघितलंय, तेवढं तरी तिला स्वतः सापडू दे. (हो, बरोबर शंभर. मोजून संपवलीय ३० सप्टेंबर २०२० ला. आणि पडद्यावर नाही जमलं तरी तो बेलामी आणि ती क्लार्क, दोघे ऑस्ट्रेलियन, त्यांनी २०१९ ला खरंच लग्न केलं.)

पुढचे भाग: दुसरा नक्की, वेल्स आणि बेलामीचं जे उघड होतं त्याच्यासाठी. तिसरा होमकमिंग, तिथे गोष्ट तशी संपते, थांबलात तरी चालेल. चौथा रिबेलियन मला उगाच ओढलेला वाटला.

सांगेकर
चौथ्याला मी एवढा वाईट नाही म्हणणार. पण विकत घेऊ नका, पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत आधी विचारा, मुलांच्या विभागात. नसेल तर माझ्याकडे चारही आहेत, सांग्याहून म्हापशाला येणारं कोणी असलं की पाठवतो. वेल्सचं एअरलॉकचं पान दुमडलेलं आहे, तेवढं चालवून घ्या.

फोंडेकर
फोंड्यावरूनच जाईल ना. मग वाटेत दुसरा भाग मला द्या, आठ दिवसांत पुढे पाठवतो. पूल बंद झाल्यावर काय होतं ते बघायचंय.